शंभर कोटी, पण नक्की कुणाचे?

"'सैराट'ने 4 कोटींचे 100 कोटी केले, म्हणजे 25 पट नफा." मराठी सिनेमाच्या अर्थकारणावर कुणी प्रोजेक्ट करायला घेतलं की पहिल्याच पानावर हे वाक्य येतं. 2016 सालचं ते यश खरंच मोठं होतं, त्यात वाद नाही. पण वाक्य म्हणून ते चुकीचं आहे. 4 कोटी हा निर्मात्याने केलेला खर्च, तर 100 कोटी ही प्रेक्षकांनी खिडकीवर दिलेली रक्कम. दोन वेगळ्या खिशांतले आकडे एकमेकांना भागून नफा निघत नाही.

साधा हिशोब करू. समजा, पनवेलच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही 236 रुपयांचं तिकीट काढलं. त्यातले 36 रुपये जीएसटी (18 टक्के). उरले 200. ते थिएटर आणि वितरक वाटून घेतात. 2009 च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात ठरलेलं प्रमाण घेतलं, तर वितरकाकडे पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यात 30 टक्के जातात. म्हणजे अनुक्रमे 100, 85, 75 आणि 60 रुपये. त्यातूनही वितरकाचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वजा व्हायचा असतो. मराठी सिनेमाचे करार वेगळे असू शकतात, पण उतरता क्रम समजायला हे पुरेसं आहे.

आता खरी गंमत बघा. या उतरंडीमागचा तर्क वाईट नाही: गर्दी ओसरली तरी थिएटरने सिनेमा ठेवावा म्हणून त्याचा वाटा वाढवायचा. पण हे गणित पहिल्याच शुक्रवारी गर्दी खेचणाऱ्या सिनेमाच्या सोयीचं आहे. 'बाईपण भारी देवा' (2023) तोंडी प्रसिद्धीवर वाढला. बायका गटागटाने गेल्या आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. अशा उतरत्या करारात, उशिरा आलेला प्रेक्षक तेवढेच पैसे देतो, पण निर्मात्यापर्यंत कमी पोचतात. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा, ही 2015 ची सरकारी भूमिका खेळाच्या वेळेबद्दल होती. हळूहळू वाढणाऱ्या सिनेमाला मात्र तिसरा आठवडा मिळणंही तितकंच गरजेचं असतं.

तुलना करताना आणखी एक खड्डा आहे. 'सैराट'च्या वेळी महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. आज 18 टक्के कराच्या तिकिटांवर 100 कोटींचा गल्ला झाला, तर करानंतर साधारण 84.75 कोटीच उरतात. आकडा तोच, अर्थ वेगळा. शिवाय टीव्ही आणि ओटीटीच्या हक्कांचे पैसे या गल्ल्यात नसतातच. म्हणजे गल्ल्यावरून नफा काढताना चूक दोन्ही बाजूंनी होते.

प्रयोगशाळेत एकक न लिहिलेलं रीडिंग कुणी स्वीकारत नाही. इथेही तोच नियम लावा. आकडा उतरवताना शेजारी चार गोष्टी लिहा: गल्ला की निव्वळ की वितरकाचा वाटा, कोणतं वर्ष, कोणता कर, कितवा आठवडा. आणि नमुन्यात फक्त गाजलेले सिनेमे घेऊ नका. एका आठवड्यात उतरलेल्या सिनेमांची यादी करायला घ्या. ती कंटाळवाणी असेल, पण या धंद्यात पैसा कुठे बुडतो हे तिथूनच कळेल.