वलणीवरचा हिवाळा

मराठी ललित गद्यात हिवाळा वारंवार येतो, परंतु त्या हिवाळ्यात कोणाचे धुणे वाळत नाही, अशी आमची तक्रार आहे. शेकोटी असते, धुके असते, गवताच्या पात्यावरचे दहिवर असते, आणि ‘गुलाबी’ हे विशेषण थंडीला लावल्यावाचून तर लेखणी पुढे सरकत नाही. अंगणातील दोरीवर फडफडणारी वस्त्रेही पुष्कळदा असतात. पण ती वस्त्रे पुढच्याच ओळीत पताका होतात, शिडे होतात किंवा पाखरांचा थवा होतात; आणि एकदा तो उपमेचा सोहळा आटोपला, की ती वाळली की ओलीच राहिली, याची चौकशी लेखकही करीत नाही आणि वाचकही करीत नाही.

याचे मूळ आमच्या मते लघुनिबंधाच्या परंपरेत आहे. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ 1933 साली प्रसिद्ध झाल्या. पाठोपाठ अनंत काणेकर आणि वि. स. खांडेकर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाला साहित्यात पाटावर बसविले, हे या मंडळींचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र विषय ही केवळ खुंटी उरली. लेखकाने यावे, आपल्या मनःस्थितीचा अंगरखा तीवर अडकवावा आणि निघून जावे. खुंटी लाकडाची की लोखंडाची, हे पाहण्याचे कारणच उरले नाही. वाळत घातलेल्या धुण्याइतका या वृत्तीचा पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ग्वाल्हेरीसारख्या ठिकाणी राहून मराठी लिहिणाऱ्या आम्हां लोकांच्या बाबतीत हा दोष दुप्पट होतो; कारण आम्ही जो हिवाळा लिहितो तो पुष्कळदा आमचा नसतोच. तो पुण्याचा असतो. पुण्याच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते. सकाळी थंडी कितीही असो, दुपारपर्यंत धोतर खडखडीत वाळते. बेळगावास आणि इंदुरासही थोड्याफार फरकाने असेच. गोव्यात तर डिसेंबरातल्या दुपारी ऊन चांगलेच लागते. तेथल्या गृहिणीची वाळवणाची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते, पौषात नव्हे. याउलट ग्वाल्हेरीस डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत धुके उतरले, की सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही आणि काल घातलेला सदरा आज संध्याकाळीही हाताला गारच लागतो.

हा भेद भावनेचा नाही. तो भूगोलाचा आणि थोडासा भूमितीचा आहे. ग्वाल्हेर सुमारे 26 अक्षांशांवर आहे, पुणे साडेअठरांवर. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी पुण्याचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो, ग्वाल्हेरीचा जेमतेम 40 अंश. दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली त्या वेळी पुण्यास नऊ फूट पडते, तर ग्वाल्हेरीस जवळजवळ बारा फूट. लष्करातील जुन्या वाड्यांचे चौक ज्यांनी पाहिले आहेत त्यांस यावरून पुढचे सांगावयास नको. त्या अरुंद चौकात चहूबाजूंनी भिंती, आणि तळाशी ऊन पोहोचतच नाही. म्हणून वैशाखात जी वलणी चौकात असते ती पौषात गच्चीवर जाते. दिवसही आखूड, सुमारे साडेदहा तासांचा. त्यातले धुके वजा केले, तर वाळवणाच्या कामी येणारे ऊन तीन-चार तासांचेच. पिळे भरलेली बादली घेऊन जिना चढणे हे त्या ऋतूतले एक मोठे काम आहे. ‘अंगणातील दोरी’ लिहिणाऱ्या आमच्या लेखकांच्या घरीही ते रोज घडत असते.

वाळण्याची क्रिया उन्हापेक्षा हवेच्या कोरडेपणावर आणि वाऱ्यावर अधिक अवलंबून असते, हे शास्त्र शाळेतला मुलगाही जाणतो. हवा कोरडी असेल तर हिमालयातल्या उंच गावी गोठून फळीसारखे ताठ झालेले वस्त्रही हळूहळू वाळते. बर्फाची परस्पर वाफ होते. धुक्याची हवा मात्र पाण्याने आधीच भरलेली असते. ती आणखी ओल घेणार कोठून? म्हणून थंडी आणि ओल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण बोटे गारठली, की हा निराळेपणा त्यांस कळेनासा होतो. वस्त्र थंड आहे की ओले आहे, हे ठरविण्यासाठी घरच्या बायका ते गालाला लावून पाहतात. एवढी एक हालचाल एखाद्या ललितलेखात आढळली असती, तर आम्ही त्यातल्या दहा पताका आनंदाने माफ केल्या असत्या.

आता भाषेकडे वळू. येथे जे पणाला लागले आहे ते केवळ एका लेखनप्रकाराचे बरेवाईट नाही. मराठीत ओलेपणाला केवढी उतरंड आहे ती पाहावी: ओलेचिंब, निथळते, ओले, आंबटओले, दमट, सर्द, वाळलेले, खडखडीत. ‘आंबटओले’ हा शब्द तर केवळ वलणीनेच भाषेला दिला असावा असे वाटते. अर्धवट वाळलेल्या कापडाचा स्पर्श आणि त्याचा पुढे येऊ घातलेला वास, दोन्ही त्यात आहेत. पिळणे, निथळत ठेवणे, झटकणे, वाळत घालणे, उलटणे, काढणे, घड्या घालणे, असा क्रियापदांचा क्रमही आहे. नऊवारी लुगडे दोघींनी दोन टोके धरून झटकल्याखेरीज सुरकुत्या जात नाहीत. लोकरीचे विणलेले वस्त्र दोरीवर लोंबकळत ठेवले तर पाण्याच्या वजनाने ताणते, म्हणून ते आडवे पसरावे लागते. प्रत्येक कृतीमागे कारण आहे आणि प्रत्येक कारणापोटी एक शब्द आहे.

आमच्या वर्गांतील मुले आता ‘कपडे सुखवले’ असे लिहितात आणि वलणीस ‘अलगनी’ म्हणतात. हिंदीशी आमचे वैर नाही; शेजारणीची भाषा घरात येणारच, आणि अलगनी हा शब्दही देखणा आहे. कोकणात वस्त्र ‘सुकत’ घालतात, देशावर ‘वाळत’. तोही भेद आहेच. परंतु मुलाच्या कानी ‘आंबटओले’ पडावे कोठून? पाठ्यपुस्तकात तो शब्द नाही. घरात आजी असेल तर असेल. उरला ललितलेख, आणि ललितलेखक वस्त्रांची पाखरे करून मोकळा झालेला! बृहन्महाराष्ट्रातल्या लेखकावर शब्द सांभाळण्याची जी जबाबदारी आहे ती पुण्यामुंबईच्या लेखकावर नाही, असे म्हणण्यास आम्ही कचरत नाही.

घरातले पाणी, ओले वस्त्र आणि त्यांपायी होणारे श्रम मराठी गद्याला पेलतच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याचा जो प्रसंगसमूह आहे तो पाहावा. बाजारातून आलेले जिन्नससुद्धा धुऊन घेणारे ते घर! लक्ष्मीबाई तेथे एकही अलंकार योजीत नाहीत. काय धुतले आणि कोणी सोसले, एवढेच सांगतात. हसू आणि हाल एकाच वाक्यात येतात, ते या तपशिलाच्या बळावर. 1961 साली ग्वाल्हेरीस भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि हा मान आमच्या गावाचा, म्हणून त्याचा उल्लेख येथे करण्याचा मोह आवरत नाही.

दळणाला ओवी मिळाली, कारण जात्याला फेर आहे, लय आहे. धुणे आपटण्यालाही लय आहे. वाळत घालणे हे मात्र मुख्यतः वाट पाहणे. त्यात गाण्यासारखे काही नाही. म्हणूनच ते गद्याचे काम आहे, आणि गद्याने ते टाकले.

कोणी म्हणेल, ललितलेख म्हणजे काही गृहशास्त्राचे क्रमिक पुस्तक नव्हे. कल्पनेला पंख नकोत काय? अवश्य असावेत. पण वलणीची शिडे करणाऱ्याला निदान वारा कोणत्या बाजूचा होता हे ठाऊक असावे. गच्चीवरचे वाळवण चारच्या आत काढले नाही, तर ऊन उतरताच हवेतली ओल पुन्हा त्यात शिरते आणि दिवसाचे श्रम फुकट जातात. आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या लेखांत मात्र संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात वस्त्रे खुशाल डुलत असतात. ती कोणीतरी काढावयास यावे म्हणून वाचताना आमचा जीव खालीवर होतो.

यंदा ‘हिवाळ्यातील एक दिवस’ या विषयावर नववीच्या वर्गात निबंध लिहविले. एका मुलीने शेकोटी आणि दवबिंदू दोन ओळींत उरकून पुढे लिहिले होते, की शाळेचा एकच गणवेश असल्याने तो रात्री चुलीजवळच्या दांडीवर टाकावा लागतो, आणि सकाळी बाह्या वाळलेल्या असल्या तरी काखेत तो आंबटओलाच असतो. तसाच घालून ती शाळेत येते. त्या निबंधास आम्ही वर्गात पहिला क्रमांक दिला. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या, त्या तांबड्या शाईने दाखविल्या.