मूळचं, बदललेलं आणि खोटं

खंडाळ्यात एका मित्राने जुना अमेरिकन गिटार अ‍ॅम्प्लिफायर घेतला. (खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याचं.) विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘१९६४चा, सगळं ओरिजिनल.’ आम्ही मागची फळी उघडली.

अशा वेळी आधी पॉटवरचे आकडे वाचायचे. १३७६४१२ असेल, तर १३७ हा सीटीएस कंपनीचा क्रमांक, ६४ हे साल आणि १२ हा आठवडा. स्पीकरवरच्या आकड्याची सुरुवात २२०ने होत असेल, तर तो जेन्सनचा. मात्र हा आकडा त्या भागाचा जन्म सांगतो, अ‍ॅम्पचा नाही. माल गोदामात पडून राहतो, म्हणून अ‍ॅम्प त्या तारखेनंतरचा एवढंच ठरतं. शिवाय पॉट कोणीही बदलू शकतो. म्हणून मग सोल्डरचे सांधे पाहायचे: सगळे एका हातचे आहेत, की एखादाच जास्त चकाकतोय?

इथवर ही विद्या चोख आहे. घोळ पुढे होतो. संग्राहकांच्या हिशेबात प्रत्येक मूळ भागाला किंमत असते, आणि बदललेला प्रत्येक भाग ती कमी करतो. आता मित्राच्या अ‍ॅम्पला दोन पिनांची जुनी वायर होती, म्हणजे अर्थिंग नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साठ वर्षांत सुकलेले, त्यामुळे सतत घुमणारा आवाज. व्हॉल्व्हच्या अशा अ‍ॅम्पमध्ये चारशेच्या वर व्होल्ट खेळत असतात. ‘सगळं मूळचं’ राखायचं तर तो वाजवायचाच नाही. मग आपण अस्सल कशाला म्हणतोय? वाद्याला, की बंद पेटीला?

याच हायवेने पुढे सातारा, कऱ्हाड ओलांडून मिरजेला गेलं, तर या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जुना तानपुरा येतो तो बहुधा जवारी काढायला. तारेने घोडीवर चर पडलेले असतात. कारागीर ती घासतो, तारेखाली सूत सरकवतो, कान लावतो, पुन्हा घासतो. दर वेळी मूळ घोडीचा थोडा भाग कायमचा जातो. म्हणून तानपुरा नकली झाला, असं कोणी म्हणत नाही. खर्जाची तार मोकळी बोलली की झालं.

यावर रास्त आक्षेप असा, की मग काहीही बदला आणि अस्सल म्हणा! तसं नाही. अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हा त्याचा गळा आहे. तो बदलला, तर आवाज दुसऱ्याचा होतो. वायर आणि वीजपुरवठ्याचे कपॅसिटर हा गळा शाबूत ठेवतात. हा फरक न करता केवळ भाग मोजणं म्हणजे परीक्षा नव्हे, पंचनामा.

आणि खोटं कशाला म्हणायचं? मुंबईच्या चोर बाजारात पितळी भोंग्याचे चकचकीत ग्रामोफोन मिळतात. नवा भोंगा, नवी पेटी, मोटर एखाद्या पोर्टेबल मशीनमधून काढलेली आणि वर कुत्र्याचं चित्र. तेही वाजतात. ते खोटे ठरतात ते नव्या भोंग्यामुळे नाही, तर ‘हा शंभर वर्षांपूर्वीचा’ या सांगण्यामुळे. भाग बदलणं हा गुन्हा नाही. लपवणं हा आहे.

मित्राने जाणकाराकडून तीन पिनांची वायर आणि नवे कपॅसिटर बसवून घेतले. जुने एका पिशवीत घालून, काय बदललं आणि कधी याची चिठ्ठी लिहून, पिशवी पेटीतच ठेवली. किंमत उतरली असेल. पण पुढच्या मालकाला कोणाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही, आणि अ‍ॅम्प रोज संध्याकाळी वाजतो.