नववीच्या गणितातील क्रमसंबंधाचे गुणधर्म : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय गणितात समीकरणाला जो मान मिळतो तो असमानतेच्या वाट्याला येत नाही. समीकरणासाठी इयत्तेगणिक स्वतंत्र प्रकरणे योजलेली असतात. असमानता मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकरणाच्या आश्रयाने दोन-चार ओळींत उरकली जाते. 'बालभारती'ने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या 'गणित भाग १' या पाठ्यपुस्तकात 'वास्तव संख्या' या प्रकरणात वास्तव संख्यांच्या क्रमसंबंधाचे चार गुणधर्म दिलेले आहेत. प्रस्तुत लेखात या चार ओळींचा, त्यांच्या मांडणीचा आणि जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील विद्यार्थ्यांपर्यंत त्या कशा पोहोचतात याचा विचार करावयाचा आहे. विषय लहान वाटेल; परंतु अकरावी-बारावीचे लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि पदवी वर्गातील सीमा व सांतत्य या संकल्पना ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया हाच होय.

चार गुणधर्म असे. (पुस्तकात अक्षरे रोमन आहेत, येथे अ, ब, क वापरली आहेत.) कोणत्याही दोन वास्तव संख्यांमध्ये अ < ब, अ = ब, अ > ब यांपैकी एक आणि एकच विधान सत्य असते. अ < ब आणि ब < क असेल तर अ < क. अ < ब असेल तर अ + क < ब + क. अ < ब असून क धन असेल तर अक < बक, आणि क ऋण असेल तर अक > बक. यानंतर परिमेय व अपरिमेय संख्या घेऊन या गुणधर्मांचा पडताळा घेण्यास विद्यार्थ्यास सांगितले आहे. कारण कोठेही दिलेले नाही.

पडताळा आणि कारण

पडताळा म्हणजे कारण नव्हे, हे गणिताच्या अध्यापकास सांगावयास नको. २ < ५ या विधानास -३ ने गुणले असता -६ > -१५ येते, हे विद्यार्थी पाहतो आणि 'ऋण संख्येने गुणल्यास चिन्ह उलटते' एवढे वाक्य पाठ करतो. पुढे हेच वाक्य चुकीच्या जागी वापरले जाते. क्ष - ७ < २ हे सोडविताना ऋण चिन्ह दिसले म्हणून चिन्ह उलटविणारे विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गातही दरवर्षी भेटतात. त्यांना नियम आठवत नाही असे नाही. नियम आठवतो, पण तो कशामुळे आहे हे ठाऊक नसल्याने कोठे लागू पडतो हेही कळत नाही.

वास्तविक कारण देण्यास नववीच्या बाहेरचे काहीही लागत नाही. क ऋण आहे, म्हणजे क < ०. दोन्ही बाजूंत -क मिळविल्यास तिसऱ्या गुणधर्माने ० < -क, म्हणजे -क धन आहे. आता अ < ब या विधानास या धन संख्येने गुणले असता -अक < -बक. दोन्ही बाजूंत अक + बक मिळविल्यास बक < अक. एवढेच. चौथ्या गुणधर्माचा उत्तरार्ध हा स्वतंत्र गुणधर्म नसून तिसरा गुणधर्म आणि चौथ्याचा पूर्वार्ध यांचा परिणाम आहे. पुस्तकाने मात्र तो इतरांच्या पंक्तीस बसविल्यामुळे चारही विधाने सारख्याच मोलाची, सारखीच वरून आलेली वाटतात. नववीत भूमितीच्या भागात विद्यार्थ्याकडून प्रमेयांच्या सिद्धतांची अपेक्षा केली जाते. बीजगणितात सिद्धतेची इतकी सोपी संधी समोर असताना ती सोडून द्यावी हे अनाकलनीय आहे.

आठवीच्या पुस्तकाचा दाखला याहून बोलका आहे. तेथे परिमेय संख्यांचा लहान-मोठेपणा ठरविताना अ/ब आणि क/ड यांत ब व ड धन असताना अ × ड हा गुणाकार ब × क पेक्षा लहान असेल तर अ/ब < क/ड, असा नियम आहे. 'ब व ड धन असताना' ही अट बहुतेक विद्यार्थी, आणि खरे सांगावयाचे तर काही शिक्षकही, वाचून सोडून देतात. ३/(-४) आणि १/२ घेऊन पाहावे. ३ × २ = ६ आणि (-४) × १ = -४; ६ हा -४ पेक्षा मोठा, म्हणून ३/(-४) हा १/२ पेक्षा मोठा, असे चुकीचे उत्तर निघते. ही अट म्हणजे नववीच्या चौथ्या गुणधर्माचीच सावली आहे : दोन्ही बाजूंना ब × ड ने गुणावयाचे तर तो गुणाकार धन हवा. आठवीत अट आहे पण कारण नाही; नववीत कारण देता आले असते, पण आठवीची आठवण करून दिलेली नाही.

भाषेचा प्रश्न

'३ < ५' हे विधान मराठीत 'तीन हा पाचपेक्षा लहान' असे वाचले जाते. लिहिताना चिन्ह मध्ये, वाचताना संबंध दाखविणारा शब्द शेवटी. इंग्रजीत चिन्ह ज्या जागी आहे त्याच जागी त्याचा शब्द येतो. हे चिन्ह टॉमस हॅरियटच्या १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झालेल्या ग्रंथात प्रथम छापले गेले, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही. मराठी माध्यमाच्या मुलास मात्र दोन्ही संख्या ओलांडून जाऊन मग चिन्हाकडे परतावे लागते. जव्हार-मोखाड्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा समाजांच्या बोली बोलल्या जातात. पुस्तकी मराठी ही त्यांची शाळेची भाषा. त्यांच्यासाठी हा वळसा आणखी एका पायरीने वाढतो.

याहून मोठी अडचण 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' या शब्दांची. 'कमीत कमी पाच' म्हणजे क्ष ≥ ५. परंतु 'कमी' हा शब्द कानी पडताच हात < या चिन्हाकडे जातो. 'पाचपर्यंत'मध्ये पाच येतो, 'पाचच्या आत'मध्ये येतो की नाही याविषयी मोठ्यांचेही एकमत होत नाही. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या शाब्दिक उदाहरणांत होणाऱ्या चुकांचे मूळ माझ्या मते आलेखात नसून या चार-दोन शब्दांत आहे. नववीच्या पुस्तकात त्यांना जागा मिळावयास हवी होती.

हा केवळ वर्गातला प्रश्न नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात प्रत्येक कुटुंबास आर्थिक वर्षात शंभर दिवसांहून कमी नाही इतके काम देण्याची तरतूद होती. गणिताच्या भाषेत दिवस ≥ १००. केंद्राच्या निधीपुरता मात्र शंभर हा आकडा वरची मर्यादा ठरला, म्हणजे दिवस ≤ १००. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्रात राज्याने उचलावयाचा अशी रचना होती. भातकापणीनंतर वीटभट्टीची वा शहराची वाट धरणाऱ्या कुटुंबातील मुलाने या दोन चिन्हांतील अंतर ओळखणे हे त्याच्या हक्काशी निगडित आहे.

तराजू, मगर आणि कर्ज

वर्गात वापरली जाणारी साधनेही तपासून पाहावीत. तराजू हे समीकरणाचे उत्तम साधन, आणि तिसऱ्या गुणधर्मापर्यंत ते असमानतेलाही पुरते : एका पारड्यात शेरभर नाचणी, दुसऱ्यात पायलीभर, दोहोंत सारखीच भर घातली तरी पारडे पूर्वीसारखेच झुकते. पण उणे वजन नसते, त्यामुळे चौथ्या गुणधर्माच्या उत्तरार्धापाशी तराजू मुका होतो. 'मगरीचे तोंड मोठ्या संख्येकडे' ही प्राथमिक शाळेतील क्लृप्ती तर त्याहून लवकर दगा देते. -७ आणि -३ दिसताच मगर सातकडे वळते.

ऋण संख्येसाठी कर्जाचा दृष्टान्त जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये संख्यांना धन आणि ऋण ही नावे देऊनच त्यांचे नियम सांगितले. या परिसरात तो दृष्टान्त मुलांच्या परिचयाचा आहे, कारण भट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली 'उचल' घरोघरी ठाऊक असते. समजा, एका कुटुंबाची उचल आठ हजार आणि दुसऱ्याची पाच हजार. -८००० < -५००० हे शिक्षक सांगतो. मूल म्हणते, आठ हजारांचे कर्ज मोठे. दोघेही बरोबर आहेत. मूल केवलमूल्याविषयी बोलत आहे, शिक्षक क्रमाविषयी. केवलमूल्य ही संकल्पना याच प्रकरणात पुढे येते, तरी हा भेद तेथेही उलगडलेला नाही. (मुलाच्या घरची उचल फळ्यावर उदाहरण म्हणून मांडावी की नाही, हा संकोचाचा भाग वेगळा, मी तरी दुकानाच्या उधारीवर भागवावे असे सुचवीन.)

संख्यारेषा हे साधन या तिन्हींपेक्षा सरस ठरते. -१ ने गुणणे म्हणजे शून्याभोवती प्रतिबिंब घेणे. उजवीकडचे डावीकडे गेले की क्रम उलटणारच. ज्या रेषेवर केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचे अंतर, त्याच रेषेवर क्रम म्हणजे डावे-उजवे. उचलीचा वादही तेथे एका आकृतीत मिटतो.

या परिसरातील गणिताच्या निकालाची चर्चा निघाली की स्थलांतराकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. ते कारण खरे आहे, पण सर्वत्र लागू नाही. 'वास्तव संख्या' हे पुस्तकातील दुसरे प्रकरण. ते पावसाळ्यात शिकविले जाते. आवणीच्या दिवसांतील काही गैरहजेरी सोडल्यास तेव्हा मूल वर्गात किंवा आश्रमशाळेत असते. जे प्रकरण मुलाच्या उपस्थितीत शिकविले गेले ते समजले नसेल तर त्याचा जाब भट्टीला विचारता येणार नाही.

खऱ्या आकलनाची कसोटी गुणधर्म म्हणवून घेण्यात नाही. अ < ब असताना अ² < ब² असतेच का? -५ < २, परंतु २५ > ४. अ < ब आणि क < ड असताना अ - क < ब - ड असते का? ५ < ६ आणि १ < ४, परंतु वजाबाकी केल्यास ४ आणि २ उरतात. १/क्ष < २ यास क्ष ने गुणून क्ष > १/२ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी सर्व ऋण संख्या गमावून बसतो, कारण क्ष धन आहे की ऋण हे त्याने विचारलेलेच नसते. असे तीन प्रश्न नववीच्या सरावसंचात असते तर चौथ्या गुणधर्मातील 'क धन असेल तर' हे शब्द विद्यार्थ्याने ओलांडून जाण्याऐवजी त्यांच्यापाशी थांबून वाचले असते.