फिरती रंगभूमी, अनुवाद आणि भाषेची मालकी

आजचा विषय दक्षिण आफ्रिकेतला आहे: आफ्रिकान्स भाषेतल्या फिरत्या नाटक मंडळ्या आणि त्यांनी गावोगाव नेलेली अनुवादित नाटकं. या इतिहासाची एक रूढ मांडणी आहे. घरात नि शेतावर बोलली जाणारी भाषा रंगमंचावर आली, जगातली मोठी नाटकं पचवून ती स्वतः मोठी झाली. ही मांडणी खोटी नाही, पण अर्धी आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आधी तिचं बळ पाहू. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला 1925 मध्ये. संपूर्ण बायबल त्या भाषेत आलं 1933 मध्ये. त्याच सुमारास नेदरलँड्सहून आलेला नट पॉल द ग्रूट, हेंड्रिक आणि मॅथिल्ड हे हानेकोम दांपत्य, पुढे आंद्रे ह्यूगेनेट अशी मंडळी दौऱ्यावर निघाली. छोट्या गावांत नाट्यगृह कुठलं? नगरभवन नाही तर शाळेचा हॉल. आज इथे प्रयोग, उद्या पुढचा मुक्काम, आणि सगळी भिस्त तिकीटविक्रीवर. त्या भाषेत स्वतंत्र नाटकं मोजकीच होती. तेव्हा अनुवाद म्हणजे या मंडळींचा शिधाच म्हणा ना!

1947 मध्ये ‘हॅम्लेट’ आफ्रिकान्समध्ये उभं राहिलं. अनुवाद एल. आय. कूर्ट्झे यांचा, मुख्य भूमिका ह्यूगेनेटची. हे काम किती अवघड होतं, ते लक्षात घ्या. या भाषेत साधा भूतकाळ जवळजवळ उरलेला नाही. सहायक क्रियापद जोडावं लागतं. नकारार्थी वाक्यात ‘नी’ हा नकार बहुधा दोनदा येतो. मग शेक्सपिअरची दहा अक्षरांची ओळ दहातच बसवायची कशी? शिवाय वडीलधाऱ्यांशी बोलताना सर्वनाम टाळून ‘आई’, ‘काका’ असं नातंच उच्चारण्याची तिथली रीत. आईवर संतापलेल्या राजपुत्रानं तिला काय म्हणून हाक मारायची? तू, तुम्ही, आपण सांभाळणाऱ्या आपल्याला हा पेच वेगळा समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी सरकारी अनुदानावर राष्ट्रीय नाट्यसंस्था स्थापन झाली. इंग्रजी आणि आफ्रिकान्स, दोन्ही भाषांतली नाटकं तिनं देशभर फिरवली. 1962 मध्ये ती बंद झाली आणि तिचं काम प्रांतिक कलामंडळांकडे गेलं.

आता उरलेली अर्धी बाजू. ही भाषा घडवली कोणी? डच वसाहतवाल्यांनी, तसंच त्यांच्या घरांत राबणाऱ्या गुलामांनी आणि मूळच्या खोइखोइ लोकांनी. केपमधल्या मुसलमानांनी तर एकोणिसाव्या शतकात ती अरबी लिपीत लिहिली. पण दौऱ्यावरची नाटकं प्रामुख्यानं गोऱ्या प्रेक्षकांसाठी होती. भाषा ज्यांच्या तोंडी वाढली, त्यांतल्या मोठ्या वर्गाला नाटकाच्या दारातच अडवलेलं. केपटाऊनचं निको मलान नाट्यगृह 1971 मध्ये उघडलं, तेही फक्त गोऱ्यांसाठी. 1975 मध्ये ते सर्वांना खुलं झालं.

1963 मध्ये आर्थर मिलर, सॅम्युएल बेकेट यांच्यासह अनेक नाटककारांनी जाहीर केलं, की जिथे वर्णभेद पाळला जातो तिथे आमच्या नाटकांना परवानगी नाही. इथे अनुवादाचं नैतिक अंग उघडं पडतं. शेक्सपिअरची परवानगी मागावी लागत नाही. मेलेला नाटककार नकार देऊ शकत नाही! म्हणून अभिजात नाटकाचा प्रत्येक अनुवाद निरागस मानायला आम्ही तयार नाही.

पण अनुवाद उलटूही शकतो. 1970 मध्ये ब्रेटन ब्रेटनबाख यांचा ‘टायटस अँड्रॉनिकस’चा अनुवाद रंगमंचावर आला. त्या नाटकात गोऱ्या राणीला कृष्णवर्णीय आरनपासून मूल होतं, आणि दक्षिण आफ्रिकेत असा संबंध तेव्हा गुन्हा होता. खुद्द ब्रेटनबाख पॅरिसमध्ये राहत होते. व्हिएतनामी वंशाच्या पत्नीशी झालेला त्यांचा विवाह मायदेशाचा कायदा मानत नव्हता. जुन्या परक्या नाटकानं तिथल्या वर्तमानावरच बोट ठेवलं.

केपच्या गोरेतर वस्तीतली बोली मात्र कुठल्या थोर अनुवादाची वाट पाहत थांबली नाही. अ‍ॅडम स्मॉल यांनी ‘काना ही को हायस्टू’ हे स्वतंत्र नाटक त्या बोलीत लिहिलं; ते 1965 मध्ये छापलं गेलं.

तेव्हा अनुवादाचा इतिहास लिहिताना किती थोर नाटकं भाषेत आली, एवढंच मोजून भागत नाही. त्या भाषेचे किती लोक ती पाहायला आत येऊ शकले आणि कोणाची बोली रंगमंचावर चढली, हेही मोजलं पाहिजे. या मापानं पाहिलं तर आफ्रिकान्स फिरत्या रंगभूमीनं भाषेची ताकद नक्की सिद्ध केली. ती भाषा सगळ्यांची आहे, हे मात्र ती सिद्ध करू शकली नाही.