कापलं नाही त्यांनाच जास्त बरं वाटलं? एपिसॉड चाचणी वाचताना

पित्ताशय काढून झालं, खडे गेले, तरी काही जणांचं पोटाच्या वरच्या भागात दुखणं थांबत नाही. सोनोग्राफी ठीक, लिव्हरच्या चाचण्या ठीक, पित्तनलिका फुगलेली नाही. मग दुखतं कशामुळे? बरीच वर्षं एक उत्तर चालायचं. पित्तनलिका आतड्यात उघडते तिथे ओडीचा स्फिंक्टर नावाची स्नायूंची छोटी कडी असते. ती नीट सैल पडत नसावी, तर ईआरसीपी करायची, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण तिथपर्यंत न्यायची, आणि ती कडी कापायची. याला स्फिंक्टरोटॉमी म्हणतात. ऐकायला अगदी पटणारं आहे, आणि अडचण तिथेच आहे.

या समजुतीला बळ मिळालं ते 1989 च्या एका प्रयोगातून. त्यात एकूण 47 रुग्ण होते. ज्यांच्या स्फिंक्टरचा दाब जास्त होता त्यांच्यापैकी कापलेल्या 11 जणांतले 10 वर्षभरानंतर सुधारले, नुसतं कापल्याचं भासवलेल्या 12 जणांतले फक्त 3. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण तो 23 माणसांवर उभा आहे. शिवाय हे रुग्ण ‘दुसऱ्या प्रकारातले’ होते, म्हणजे दुखण्यासोबत तपासणीत काहीतरी बिघाडाची खूण असलेले. नंतर तोच उपाय खूण नसलेल्या, फक्त दुखणाऱ्या ‘तिसऱ्या प्रकारालाही’ लागू झाला. पुरावा एका गटाचा आणि उपचार दुसऱ्याच गटाला. रिसर्च मेथडॉलॉजीत ‘सामान्यीकरण’ शिकलात ना, त्याचं हे जिवंत उदाहरण.

2014 साली ‘जामा’मध्ये आलेल्या एपिसॉड चाचणीने हे तपासलं. अमेरिकेतली 7 केंद्रं, 214 रुग्ण. 141 जणांची कडी कापली, 73 जणांची ईआरसीपी झाली पण कापलं नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत नव्हतं. यश कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक होती: नवव्या आणि बाराव्या अशा दोन्ही महिन्यांत, मागच्या 90 दिवसांत दुखण्यामुळे कामं अडलेले दिवस 6 पेक्षा कमी हवेत, अफूवर्गीय गोळ्या नकोत आणि स्फिंक्टरवर पुन्हा उपचार झालेला नको.

निकाल: कापलेल्यांत 23 टक्के यशस्वी, न कापलेल्यांत 37 टक्के.

यावरून ‘कापल्याने बिघडतं’ असं लगेच लिहू नका. ‘कापल्याने फायदा होतो’ हे म्हणणं पडलं, एवढं मात्र पक्कं. दाबाच्या मोजणीवरूनही कोणाला बरं वाटेल याचा अंदाज येत नव्हता, आणि माझ्या मते पेपरातली सगळ्यात जड गोष्ट ही आहे, कारण सगळा युक्तिवाद त्या दाबावरच टेकलेला होता. न कापता 37 टक्के बरे कसे झाले? थोडा प्लासिबोचा परिणाम असेल. दुसरं म्हणजे माणूस चाचणीत येतो तो दुखणं शिखरावर असताना. काहीच केलं नाही तरी ते थोडं उतरतंच. सेट-नेटला ‘सरासरीकडे परतणं’ पाठ करतो, ते हे.

आता माझी खरी तक्रार. पेपरातला आकडा असा: स्वादुपिंडाला सूज कापलेल्यांत 15 जणांना (11 टक्के), न कापलेल्यांत 11 जणांना (15 टक्के). घाईत वाचणारा म्हणतो, दोन्हीकडे जवळपास सारखंच, म्हणजे कापण्याचा वेगळा धोका नाही. बरोबर, पण रुग्णाचा प्रश्न तो नाहीच! दोन्ही गटांत दुर्बीण आत गेली होती, नळीत दाब मोजला होता. दोन्ही मिळून 214 पैकी 26, म्हणजे साधारण दर आठ माणसांमागे एकाला स्वादुपिंडाचा दाह. दवाखान्यात बसलेल्या माणसाला ‘कापू की नको’ हे ठरवायचं नसतं, ‘ईआरसीपीला जाऊ की नको’ हे ठरवायचं असतं. ती तुलना करायला काहीच न केलेला तिसरा गट लागला असता, तोही चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडलेला. या रचनेत तो नाही. लेखकांचा निष्कर्ष मला मान्य आहे, अशा रुग्णांत ईआरसीपी करून स्फिंक्टरोटॉमी करण्याला आधार नाही. फक्त धोक्याची बाजू दोन रकान्यांच्या फरकात शोधू नका, रकान्यांच्या बेरजेत शोधा.

आणि न कापलेल्या त्या 11 जणांचा विचार करा. त्यांच्यावर उपचार झालाच नव्हता, दाह मात्र झाला. असं भासवणं नैतिक होतं का? मला वाटतं, होतं. चाचणीबाहेर हाच धोका पत्करून माणसं रोज ईआरसीपी करून घेत होती, फक्त कोणी मोजत नव्हतं. 2016 च्या रोम-4 निकषांत हा ‘तिसरा प्रकार’ काढूनच टाकला गेला.

एक मर्यादा वहीत लिहून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर पित्तनलिकेत खडा राहिलाय, कावीळ आहे, नलिका फुगली आहे, अशा रुग्णांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. तिथे ईआरसीपीला काढण्यासारखं काहीतरी सापडतं, आणि धोक्याचा तोच आकडा वेगळ्या तराजूत पडतो. घरातल्या कोणाला डॉक्टरांनी खड्यासाठी ईआरसीपी सांगितली असेल तर हा पेपर त्यांना फॉरवर्ड करू नका.