चौकसुधारणेचा छाननी-अहवाल : एका गद्यप्रकाराची चिकित्सा

समीक्षेचा विषय म्हणजे कविता, कादंबरी आणि नाटक, अशी आपल्या विद्यापीठीय अभ्यासाची रूढ समजूत आहे. शासनाचे गद्य ह्या अभ्यासाच्या कक्षेत सहसा येत नाही. ते वाचले जाते कार्यालयात. त्याची चिकित्सा झालीच तर न्यायालयात होते. वस्तुतः शिवकाली राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला गेला, तेव्हा राज्यकारभाराच्या भाषेचा प्रश्न हा राज्याचाच प्रश्न आहे, ही जाणीव त्यामागे होती. ती जाणीव ठेवून एका अगदी अप्रसिद्ध गद्यप्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. हा प्रकार म्हणजे रस्त्याचा एखादा चौक सुरक्षित करण्याची योजना आखल्यावर, तिच्या पर्यावरणीय परिणामांची सविस्तर तपासणी आवश्यक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी लिहिला जाणारा छाननी-अहवाल. उदाहरण म्हणून आयर्लंडमधील प्रथेचा विचार केला आहे. कारण ह्या अहवालांतील शब्दांवर तेथे व युरोपीय संघाच्या न्यायालयात जेवढा खल झाला आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

प्रथम वस्तुस्थिती. ग्रामीण भागात दोन रस्ते एकमेकांस छेदतात, वाहने वेगाने येतात, कुंपणाच्या दाट झुडपांमुळे आडव्या रस्त्यावरील वाहन वेळेवर दिसत नाही, अपघात होतात. स्थानिक प्राधिकरण तेथे वर्तुळमार्ग बांधण्याचे, झुडपे काढून दृष्टिक्षेत्र मोकळे करण्याचे, दिवे लावण्याचे व पाण्याचा निचरा बदलण्याचे ठरविते. ह्या कामाला दोन वेगवेगळ्या छाननींतून जावे लागते. एक, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०११ च्या युरोपीय निदेशानुसार, ज्यात २०१४ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. दुसरी, नैसर्गिक अधिवासांच्या रक्षणासाठी काढलेल्या १९९२ च्या निदेशाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार. पहिलीचा प्रश्न असा, की परिसरावर लक्षणीय परिणाम संभवतो काय? दुसरीचा प्रश्न अधिक अरुंद पण अधिक कठोर : संरक्षित म्हणून घोषित झालेल्या एखाद्या विशिष्ट स्थळावर लक्षणीय परिणाम होणारच नाही, असे वस्तुनिष्ठ माहितीच्या आधारे म्हणता येते काय?

अहवालाच्या शीर्षकापासूनच भाषेचे कार्य सुरू होते. ‘चौक सुरक्षा सुधारणा योजना’ ह्या शब्दबंधात ‘सुधारणा’ हे वर्णन नसून निर्णय आहे. भाषाशास्त्रात ज्यास पूर्वगृहीत म्हणतात, त्याचे हे सरळ उदाहरण होय. एखादे विधान नाकारता येते. पण नामाच्या पोटात दडलेले विधान नाकारण्यासाठी आधी ते नामच मोडावे लागते. ‘ही सुधारणा करू नये’ असे म्हणणारा मनुष्यही ती सुधारणा आहे हे मान्य करूनच बोलतो. योजनेचे नाव ‘वर्तुळमार्गाचे बांधकाम’ असे असते, तर तिच्या गुणदोषांचा विचार कोऱ्या पाटीवर करता आला असता.

आता ‘छाननी’ ह्या शब्दाकडे वळू. ज्या इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर आहे, त्या ‘स्क्रीन’ शब्दाला दोन अर्थ आहेत : एक आडोसा किंवा पडदा, आणि दुसरा खडी वा कोळसा चाळण्याची जाळी. मराठीने त्यांतील दुसरा अर्थ उचलला व पहिला सोडून दिला, हे चांगलेच झाले. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील व खळ्यावरील शब्दसंपत्ती ह्याहूनही सूक्ष्म भेद करते. चाळणे आणि पाखडणे ह्या क्रिया एक नव्हेत. चाळण आकार पाहते. सूप वजन पाहते. चाळणीतून बारीक दाणा खाली जातो, मग तो कितीही मोलाचा असो. सुपात पाखडताना मात्र फोल उडते आणि भरीव दाणा मागे राहतो, मग तो कितीही लहान असो.

आयर्लंडचा १९९३ चा रस्ते अधिनियम आणि त्याखालील १९९४ चे नियम ही मूलतः चाळण आहे. चार किंवा अधिक मार्गिकांचा नवा अथवा रुंद केलेला रस्ता ग्रामीण भागात ८ किलोमीटर वा अधिक, नागरी भागात ५०० मीटर वा अधिक लांबीचा असेल, अथवा नवा पूल वा बोगदा १०० मीटर वा अधिक लांबीचा असेल, तर मूल्यांकन अनिवार्य. चौकाची योजना ह्या छिद्रांतून सहज खाली पडते. पण केवळ आकारावरून निवड करणे पुरेसे नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने आयर्लंडच्याच विरोधात २१ सप्टेंबर १९९९ रोजी दिला. पीट उपसणे, वनीकरण इत्यादी कामांसाठी त्या देशाने ठरविलेल्या मर्यादा फक्त क्षेत्रफळ पाहत होत्या. कामाचे स्वरूप, जागेचा नाजूकपणा आणि अनेक लहान कामांचा एकत्रित परिणाम ह्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. आपल्या शब्दांत सांगावयाचे, तर न्यायालयाने चाळणीच्या जोडीला सूप हाती घ्यावयास लावले. निदेशाच्या तिसऱ्या परिशिष्टातील तीन कसोट्या, म्हणजे प्रकल्पाचे स्वरूप, स्थळाचे स्वरूप आणि संभाव्य परिणामांचे स्वरूप, ह्या पाखडण्याच्या कसोट्या आहेत. म्हणूनच मर्यादेखालच्या लहानशा चौकासाठीही अहवाल लिहावा लागतो. ह्या गद्यप्रकाराचा जन्म असा झाला आहे.

ह्या गद्याचा पहिला विशेष म्हणजे कर्त्याचा लोप. ‘विचार करण्यात आला’, ‘परिणाम नगण्य मानण्यात येतो’, ‘काळजी घेण्यात येईल’. मराठी प्रशासनातही ‘-ण्यात येणे’ ही रचना इतकी रुळली आहे, की तिच्यात कोणी करणारा असतो ह्याचाच विसर पडतो. येथे तो विसर केवळ शैलीचा दोष राहत नाही. आयरिश व्यवस्थेत रस्ता बांधू इच्छिणारे प्राधिकरणच पहिल्या पायरीवर आपल्या योजनेला मूल्यांकनाची गरज आहे की नाही, हा विचार करते. प्रस्तावक आणि परीक्षक एकच असताना ‘मानण्यात येते’ असे लिहिले गेले, की मानणारा कोण, हा प्रश्न वाक्याच्या बाहेर राहतो. ‘आम्ही असे मानतो’ एवढे दोन अधिक शब्द खर्च केले असते, तर वाचकाला त्या मानण्याची किंमत करता आली असती.

दुसरा विशेष नकाराचा. ‘लक्षणीय परिणाम संभवत नाही’ ह्या वाक्यात नकार नेमका कशाला लागतो? परिणामाला, लक्षणीयतेला, की संभवाला? परिणाम आहे पण लक्षणीय नाही. लक्षणीय असू शकेल पण संभव कमी. की मुळात परिणामच नाही? तिन्ही अर्थ त्या एका वाक्यात सुखाने नांदतात, आणि अहवालाच्या लेखकाला त्यांपैकी कोणता सिद्ध करावयाचा हे सांगावे लागत नाही. युरोपीय न्यायालयाने ७ सप्टेंबर २००४ च्या वॅडन समुद्राविषयीच्या निर्णयात अधिवासांच्या छाननीपुरता हा प्रश्न उलटा करून सोडविला. लक्षणीय परिणामाची शक्यता वस्तुनिष्ठ माहितीवरून वगळता येत नसेल, तर मूल्यांकन केलेच पाहिजे, असे त्याने ठरविले. ‘संभवत नाही’ आणि ‘शक्यता वगळता येते’ ही विधाने वरवर सारखी दिसतात. परंतु पहिल्यात अज्ञान हे प्रस्तावकाच्या बाजूने उभे राहते, दुसऱ्यात ते नदीच्या बाजूने उभे राहते. पुरावा नसणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक पाठ येथे व्याकरणाच्या रूपाने अवतरला आहे.

तिसरा विशेष मला सर्वांत उद्बोधक वाटतो. चौकाच्या कामात माती उकरली जाते; पाऊस आला की गाळ ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. नदी संरक्षित असेल व तिच्यात गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शिंपल्यांसारखे गाळाने गुदमरणारे जीव असतील, तर हा परिणाम क्षुल्लक नव्हे. त्यावर उपाय म्हणून गाळ अडविणाऱ्या जाळ्या लावतात. पूर्वी अहवालात ह्या जाळ्यांचा उल्लेख करून लगेच ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढला जाई. १२ एप्रिल २०१८ रोजी नोअर नदीतील शिंपल्यांच्या संदर्भात उद्भवलेल्या एका आयरिश प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले, की अधिवासांच्या छाननीच्या पायरीवर हानी टाळण्याचे उपाय हिशेबात धरता येणार नाहीत. उपायाची गरज भासणे हीच परिणामाची कबुली होय. पथ्य सांगावे लागते, तेथे रोगाची शंका आहेच. मग तपासणी टाळता येणार नाही. गंमत अशी, की मूल्यांकनाच्या दुसऱ्या निदेशात, २०१४ च्या दुरुस्तीने, असेच उपाय छाननीत विचारात घेण्याची मुभा आहे. एकाच चौकाच्या एकाच जाळीविषयी एका अहवालात बोलावे, दुसऱ्यात मौन पाळावे, अशी स्थिती लेखकापुढे उभी राहते.

साहजिकच नामकरणाचा मोह होतो. ‘हानिनिवारक उपाय’ म्हणता येत नसेल, तर तीच जाळी ‘बांधकामाची प्रमाणित पद्धत’ म्हणून दाखविता येते. १५ जून २०२३ च्या निर्णयात न्यायालयाने ह्या सीमारेषेचा विचार केला. त्या स्थळावरील परिणामाशी निरपेक्ष, त्या जातीच्या सर्व प्रकल्पांत मुळातच असणारी रचना असेल, तर ती विचारात घेता येते. परिणाम कमी करण्यासाठी योजिलेली असेल, तर घेता येत नाही. म्हणजे वस्तू तीच, पण ती ‘कशासाठी’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. आपल्या वैयाकरणांनी तादर्थ्याचा, म्हणजे अमुक एका प्रयोजनासाठी असण्याचा, वेगळा विचार केला, तो किती व्यवहारी होता हे येथे दिसते. एका ‘-साठी’ ह्या शब्दयोगी अव्ययावर नदीची तपासणी होणार की नाही, हे अवलंबून राहते. हेतू वस्तूत दिसत नाही, भाषेत सांगावा लागतो. आणि जो सांगतो त्यालाच त्या सांगण्यात लाभ असेल, तर समीक्षकाने तेथे थांबून पुन्हा वाचावयास हवे.

इतके विवेचन ऐकून कोणी म्हणेल, की माणसे मरत असताना आपण शब्दांचा कीस काढीत आहोत. हा आक्षेप हलका नाही. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या मार्गांचे ३२ संघर्षबिंदू असतात. एक मार्गिकेच्या वर्तुळमार्गात ते ८ उरतात, आणि सर्वांत घातक, आडवे छेदणारे, बिंदू तर नाहीसेच होतात. हा लाभ कल्पित नाही. प्रत्येक महिन्याच्या विलंबाची किंमत कोणी तरी रस्त्यावर देऊ शकते. म्हणून अहवाल दुप्पट लांब करावा, अशी मागणी येथे मुळीच नाही. मागणी वेगळीच आहे : अहवालातील प्रत्येक नकारार्थी वाक्य खोडून काढता येण्याजोगे असावे. ‘जैवविविधतेवर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही’ हे वाक्य जागेवर उभा राहून कोणालाही खोडता येत नाही, कारण ते कशाविषयीच नेमके बोलत नाही. ‘काढावयाच्या कुंपणात पोकळीचे एकही झाड नाही, म्हणून वटवाघळांचे वसतिस्थान नष्ट होत नाही’ हे नमुन्यादाखल रचलेले वाक्य पहिल्याहून फारसे लांब नाही. परंतु शेजारचा शेतकरी ‘त्या कोपऱ्यावरचे जुने झाड पोकळ आहे’ असे म्हणून ते पाडू शकतो. नेमकेपणाला वेळ लागतो तो पाहणीसाठी, लिहिण्यासाठी नव्हे. आणि पाहणी झालीच नसेल, तर ते संदिग्ध वाक्य घाई नव्हे, लपवाछपवी होय.

सुरक्षेच्या बाजूने असा नेमकेपणा आपण सहज मान्य करतो. भारतात राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण स्थळाची मंत्रालयीन व्याख्याच आकड्यांत आहे : सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. ‘लक्षणीय’ ह्या शब्दामागे असा एकही आकडा नाही. एका पारड्यात मोजलेले वजन आणि दुसऱ्यात विशेषण, अशा तराजूने तोल ठरविणे कठीण असते.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या भारतीय अधिसूचनेतही छाननी ही पहिली पायरी आहे. २०१३ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांच्या विस्तारासाठी लांबीची मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत नेली. केवळ चौकाची सुधारणा त्या चाळणीच्या आसपासही येत नाही. तेथे उरते ते प्रामुख्याने वृक्षतोडीच्या परवानगीचे कागद. शिवाय, मूल्यांकनाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याचे बंधन येते ते जनसुनावणीच्या पायरीवर, म्हणजे छाननीतून पुढे गेलेल्या प्रकल्पांपुरते. चाळणीतून जे खाली पडले, ते कोणत्या शब्दांनी पडले, हे मराठी वाचकाला मराठीत कळण्याची सोय नाही. नव्या अधिसूचनेचा २०२० चा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला, तेव्हा भाषा हा पर्यावरणाच्या प्रश्नाचा अलंकार नसून त्याचा एक अवयव आहे, हेच मान्य झाले होते.

भाषाविभागांना येथे करण्यासारखे बरेच आहे. परिभाषा घडविताना ‘लक्षणीय’, ‘नगण्य’, ‘संभाव्य’ असे शब्द केवळ कोशात बसवून भागणार नाही. त्यांना लागणारा नकार, त्यांचा लपलेला कर्ता आणि त्यांच्यामागचे ‘-साठी’ ह्यांचाही अभ्यास व्हावयास हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी आणखी एका कादंबरीऐवजी आपल्या तालुक्यातील एखाद्या रस्त्याच्या योजनेचे कागद घेतले, तर त्यात त्याला वाक्यविचार, अर्थविचार व न्याय ही तिन्ही शास्त्रे एकत्र आढळतील. चाळण कोठे वापरली, सूप कोठे वापरावयास हवे होते, आणि कोठे नुसताच पडदा ओढला गेला, हे ओळखण्याची विद्या आपल्यापाशी आहे. ती वर्गाबाहेर नेण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.