खेळातलं आकाश आणि रिकाम्या रात्रींची वही



7 सप्टेंबर 2025 ची रात्र आठवते? खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री 11 पासून साधारण 82 मिनिटं चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत असणार होता. आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर चादरी टाकून बसलो होतो. पण भाद्रपदातले ढग काही हटले नाहीत. साडेबाराला खाली आलो, तर रूममेटनं गेम सुरू केला आणि म्हणाली, "चल, तुला लाल चंद्र दाखवते. अर्ध्या तासात येईल." आणि खरंच आला!

मी हसले, पण ती गोष्ट डोक्यात राहिली. जी घटना अर्ध्या तासात नक्की येणार हे आधीच माहीत आहे, तिला दुर्मीळ म्हणायचं का? आज तीन ओपन-वर्ल्ड गेम्समधल्या आकाशाकडे थोडं टीकाकाराच्या नजरेनं बघू. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून हे सांगतेय. आकाशात काय दिसलं यापेक्षा आपण कसं बघितलं हा प्रश्न तुम्हाला पुढे जास्त छळणार आहे.

पहिला खेळ 'माइनक्राफ्ट'. इथला दिवस आपल्या 20 मिनिटांचा असतो. सूर्य पूर्वेला उगवतो, बरोबर डोक्यावरून जातो, पश्चिमेला मावळतो. चंद्राच्या 8 कला आहेत, म्हणजे 160 मिनिटांत एक चांद्रमास पूर्ण. चौकोनी चंद्राबद्दल माझी तक्रार नाही, तिथे सगळंच चौकोनी आहे. तक्रार वेगळी आहे. हा चंद्र कायम सूर्याच्या बरोबर समोर असतो. कला कुठलीही असो, सूर्य मावळला की चंद्र उगवणार. अमावस्येलासुद्धा!

आता घरी आई किंवा आजी संकष्टीचा उपवास करत असेल तर तिला विचारा. त्या दिवशी कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ का बघावी लागते? कारण चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि वद्य चतुर्थीपर्यंत रात्रीचे साधारण नऊ वाजतात. कला आणि उगवण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्यातला कोन बदलतो, त्यातूनच दोन्ही ठरतात. माइनक्राफ्टनं कला घेतली आणि कोन सोडून दिला. तिथे संकष्टीचा उपवास सूर्यास्तालाच सुटला असता.

म्हणजे माइनक्राफ्टचं आकाश वाईट आहे का? तसं नाही. दलदलीत स्लाइम नावाचे प्राणी पौर्णिमेला सर्वांत जास्त येतात, अमावस्येला येत नाहीत. खेळाला चंद्राकडून एवढंच हवं होतं. प्रत्येक मॉडेल काहीतरी गाळतंच. पण काय गाळलंय हे न ओळखता त्यातून निष्कर्ष काढायला गेलात तर फसाल. शोधनिबंध वाचतानाही आधी हेच विचारा, की यात कोन गाळलाय का?

दुसरा खेळ म्हणजे रूममेटचा, 2017 साली आलेला निंटेंडोचा 'द लिजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. त्यातलं एक मिनिट आपल्या एका सेकंदाचं, म्हणजे दिवस 24 मिनिटांचा. साधारण 7 दिवस भरले की मध्यरात्री लाल चंद्र येतो आणि तुम्ही मारलेले राक्षस पुन्हा जिवंत होतात. दृश्य फार देखणं आहे. आकाश तांबडं होतं, हवेत ठिणग्या तरंगतात, संगीत बदलतं. पण त्यामागे आहे एक घड्याळ. खेळणाऱ्यांनी याचाही माग काढलाय की खेळाच्या मेमरीवर फार ताण आला तर हाच चंद्र अवेळी, अगदी भरदिवसाही उगवतो आणि सगळं जग पूर्ववत करून टाकतो. हिशेबाची वही भरली की नवी उघडावी, तसं.

खरा लाल चंद्र कसा होतो ते आठवा. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो. निळा वाटेत विखुरला जातो, लाल पोचतो. एका ठिकाणाहून खग्रास चंद्रग्रहण सरासरी अडीच वर्षांनी दिसू शकतं, तेही आकाश निरभ्र असेल तर. खग्रास सूर्यग्रहणासाठी तर त्याच जागी सरासरी पावणेचारशे वर्षं थांबावं लागेल. खेळातली दुर्मीळता खेळाडूच्या सोयीनं ठरते. खऱ्या आकाशाला तुमची सोय माहीतच नाही.

याच खेळात रात्री कधीकधी तारा तुटून जमिनीवर पडतो. तिथे प्रकाशाचा खांब दिसतो, सकाळ व्हायच्या आत पोचलात तर ताऱ्याचा तुकडा हाती लागतो. हे मात्र वेळापत्रकावर चालत नाही. म्हणून मी एका उंच बुरुजावर बसून नोंदी करायच्या ठरवल्या. आठवडाभर वही भरली. ती बघून रूममेटनं विचारलं, "एकूण किती रात्री बसलीस?" मला सांगता येईना. तारा दिसला त्या रात्री मी लिहिल्या होत्या. रिकाम्या रात्री लिहिल्याच नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, गेमच तो, काय बिघडलं! पण हीच चूक मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी केली होती. ताऱ्यांच्या तेजस्वितेत अचानक होणारी वाढ शोधायची होती. दोन महिने डेटा चाळून मी गाइडसमोर उत्साहानं काही उमेदवार घटना ठेवल्या. सरांनी शांतपणे एकच विचारलं, "किती तासांच्या निरीक्षणात?" ज्या फाइल्समध्ये काही सापडलं नाही त्या मी 'निरुपयोगी' म्हणून बाजूला टाकल्या होत्या, नोंद न ठेवता. अंश हातात होता, छेद नव्हता. ते दोन महिने पुन्हा करावे लागले. त्या दिवशी वसतिगृहावर येऊन जेवले नाही, हे आज मोकळेपणानं सांगते.

म्हणूनच तिसरा खेळ मला एवढा आवडतो. 'आउटर वाइल्ड्स', 2019. याची सुरुवात अॅलेक्स बीचम यांच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या मास्टर्स प्रबंधातून झाली, हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. पुढे त्याला 2020 चा सर्वोत्तम खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. इथून पुढे रसभंग होणार आहे. खेळायचा असेल तर आधी खेळून या.

या खेळात 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता. शस्त्र, पैसा, ताकद असं काही जमवता येत नाही. पुढच्या फेरीत सोबत येते ती फक्त माहिती. आणि आकाश इथे पुरावा आहे. चर्ट नावाचे एक खगोल-निरीक्षक दुसऱ्या ग्रहावर भेटतात. फेरीच्या सुरुवातीला गेलात तर ते मजेत असतात. उशिरा गेलात तर घाबरलेले, कारण आकाशातले तारे एकामागून एक फुटताहेत हे त्यांच्या लक्षात आलंय. ते तारे तुमच्याही डोक्यावर होते. तुम्ही वर बघितलं नाही, एवढंच.

त्याहून मोठी गोष्ट पहिल्याच क्षणी घडते. डोळे उघडतात तेव्हा वर एक हिरवा ग्रह दिसतो आणि त्याच्याजवळून काहीतरी सुटून जातं. दर फेरीत त्याची दिशा वेगळी असते. मी कित्येक फेऱ्या तिकडे दुर्लक्ष केलं. नंतर कळतं की ते एक शोधयान आहे. विश्वातली एक जागा शोधण्यासाठी प्राचीन नोमाई लोकांनी बनवलेली यंत्रणा दर फेरीत ते वेगळ्या दिशेला सोडते. 90 लाखांहून जास्त यानं सुटली, तेव्हा एकाला ती जागा सापडली. आणि त्यांच्या यंत्रानं प्रत्येक उड्डाण मोजलंय, रिकाम्या हातांचंसुद्धा. तो आकडा वाचला तेव्हा मला माझी टाकून दिलेली फाइल आठवली.

तरी या खेळाशीही माझं एक भांडण आहे. ती 90 लाख अपयशं आपल्या वाट्याला येत नाहीत. आपला खेळ यश मिळाल्यानंतर सुरू होतो. आपण चुकलो तर 22 मिनिटं जातात. संशोधनात दोन महिने जातात, कधी फेलोशिपचं एक वर्ष जातं आणि घरी विचारतात, "झालं का काही?" शिवाय खेळातलं प्रत्येक कोडं कुणीतरी सुटावं म्हणूनच रचलेलं असतं. तुमच्या विषयात सापडण्याजोगं काही असेलच, असं वचन कुणी दिलेलं नाही. खेळातलं आकाश बघणं शिकवू शकतं, वाट बघणं शिकवू शकत नाही.

म्हणून एक गृहपाठ. येत्या 15 रात्री, कुठल्याही खेळातलं किंवा तुमच्या गच्चीवरचं आकाश बघा. तारीख, सुरुवात, शेवट, ढग, आणि काय दिसलं ते लिहा. काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असंही लिहा. ती ओळ गाळू नका.

माझ्या वहीत आता 7 सप्टेंबरची नोंद आहे: रात्री 10.45 ते 12.30, पूर्ण ढगाळ, चंद्र दिसला नाही. ग्रहण झालं होतं. आम्ही बघत होतो.

तुमच्या वह्यांत काय येतंय ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात.